गाय उलटली म्हणून विकायची?

या महिन्याच्या सुरुवातीला बडोद्याला, तरसालीत बहिणीकडे होतो. भर दुपारी निपाणीहून धाकट्या भावाचा फोन. "दादा, दोनदा भरवली, दोन्हीदा उलटली. आज सकाळपासून परत माजावर आहे. व्यापारी दारात आहे, देऊन टाकू?" मागून आजीचे कानडीत चालले होते, ही काही 'गब्ब' राहायची नाही.

बहिणीचे सासरे निवृत्त जनावरांचे डॉक्टर. ते म्हणाले, "व्यापाऱ्याला चहा पाजून पाठव म्हणावं." आणि कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढायला बसले.

आपण समजतो, गाय उलटली म्हणजे बीज फळलेच नाही. पण धडधाकट गाईत वेळेवर रेतन झाले तर ते बहुधा फळते. गळती पुढे होते. फळलेले बीज गर्भनलिकेतच एकाचे दोन, दोनाचे चार, तिसऱ्या दिवशी आठ पेशींचे होते. पाचव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात उतरते. सातव्या दिवशी आत पाण्याची पोकळी असलेला इवला गोळा, मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाएवढा! तो अजून कुठेच चिकटलेला नसतो. म्हणून तर तो धुऊन बाहेर काढून दुसऱ्या गाईत ठेवता येतो. गुजरातेतच, खेडा जिल्ह्यातल्या बिडज येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ चालवीत असलेल्या साबरमती आश्रम गोशाळेत हे काम चालते.

नवव्या दिवसाच्या आसपास गोळा कवच फोडतो, मग दोऱ्यासारखा लांबत जातो. सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत त्याने 'इंटरफेरॉन टाऊ' नावाचे प्रथिन सोडून आईला 'मी आहे' असे कळवायचे असते. निरोप पोचला नाही, तर गाय एकविसाव्या दिवशी पुन्हा माजावर. पाहणाऱ्याला वाटते, काही झालेच नव्हते. गर्भाशयाला चिकटणे सुरू होते ते विसाव्या दिवसाच्या आगेमागे.

"पहिले दोन-तीन दिवस ऊन त्याला सोसत नाही," आबा म्हणाले. "गाय कुठं बांधतोस, विचार."

विचारले. पत्र्याखाली, उत्तर आले. आमचे घर शहाणे, माणसांना पंखा आणि गाईला पत्रा!

गर्भाशयात पू नाही ना, हे डॉक्टरांकडून बघून घेऊन भावाने त्याच संध्याकाळी तिसऱ्यांदा रेतन करून घेतले. तारीख या वेळी कॅलेंडरवर लिहिली. गाय चिंचेखाली बांधतात, पाणी दिवसातून चारदा. आजी रोज मोजते. आज अठरावा दिवस.