जॅमरच्या दिशेला बहिरी होणारी अँटेना

२००९च्या अखेरीस अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळावर विमानं उतरवायला मदत करणाऱ्या एका नव्या जीपीएस यंत्रणेच्या चाचण्या चालू होत्या. ती अधूनमधून आंधळी व्हायची आणि थोड्या वेळात पुन्हा सावरायची. शोध घेता घेता संशय शेजारच्या महामार्गावर गेला. तिथून जाणाऱ्या काही गाड्यांमध्ये लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारे, जीपीएसचा सिग्नल दाबून टाकणारे जॅमर होते. २०१२मध्ये असा एक पिकअप ट्रक सापडला. आपण कुठे आहोत हे मालकाला कळू नये, एवढाच चालकाचा हेतू होता. पुढच्या वर्षी त्याला ३१,८७५ डॉलरचा दंड झाला.

एवढीशी डबी विमानतळाची यंत्रणा कशी पाडते? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की रिसीव्हरमधला नैसर्गिक गोंगाटच त्याच्यापेक्षा ढोबळमानाने पन्नास ते शंभर पट मोठा असतो. रिसीव्हरला १,०२३ तुकड्यांचा ठरलेला संकेत पाठ असतो. तो जुळवून बेरीज घेतली की बुडालेला सिग्नल वर येतो. शेजारी जॅमर असला तर मात्र ही बेरीजही तोकडी पडते.

खरी गंमत पुढे आहे. सिग्नल गोंगाटाखाली असतो, म्हणजे गोंगाटाच्या वर डोकं काढणारं जे काही ऐकू येईल ते उपग्रहाचं असूच शकत नाही. मग दोन अँटेना घ्यायच्या. एकीला हात लावायचा नाही. दुसरीच्या सिग्नलची उंची आणि फेज (लहर किती पुढेमागे सरकली आहे ते) अशी बदलत राहायची, की दोघींची बेरीज कमीत कमी शक्तीची व्हावी. जॅमरच्या लहरींचे उंचवटे खळग्यांवर बसतात आणि त्या दिशेला अँटेना बहिरी होते. गोंगाटाखालचे उपग्रह या खटपटीत बहुतांशी सुखरूप राहतात. जॅमर कुठे आहे हे कोणी सांगावं लागत नाही, उपग्रह कुठे आहेत हेही नाही. जीपीएसचा दुबळेपणाच इथे त्याच्या कामी येतो. संकेत-प्रक्रियेतली इतकी सुंदर कल्पना मला दुसरी माहीत नाही.

सुंदर असली तरी ती सोपी नाही. जॅमरची शक्ती दहा हजार पटींनी कमी करायची, तर फेजमधली चूक अर्ध्या अंशाच्या आसपासच चालते. या लहरीची लांबी १९ सेंटीमीटर. त्या मापाने ही चूक जेमतेम ०.३ मिलिमीटरची! शिवाय गाडी वळते, विमान कलतं, म्हणून हे जुळवणं अखंड चालू ठेवावं लागतं. सात अँटेनांची थाळी जास्तीत जास्त सहा दिशांना बहिरी होऊ शकते, आणि त्या दिशेला एखादा उपग्रह असला तर तोही हातचा जातो.

हे जुळवणं करणारं एक सूत्र १९५९च्या शरदात, एका शुक्रवारी दुपारी, स्टॅनफर्डमध्ये फळ्यावर जन्मलं. बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी टेड हॉफ बोलत होते. अँटेनाच्या सिग्नलची उंची आणि फेज ठरवणारा आकडा म्हणजे वजन. नवं वजन म्हणजे जुनं वजन, अधिक चूक गुणिले सिग्नल गुणिले एक छोटा आकडा, बस, एवढंच! विड्रोंच्या आठवणीप्रमाणे समोरच्याच खोलीत एक ॲनालॉग संगणक होता आणि हॉफने त्यावर ते लगेच चालवून दाखवलं. हाच हॉफ पुढे इंटेलच्या ४००४ या मायक्रोप्रोसेसरच्या जनकांपैकी एक झाला. रडारच्या बाजूने हॉवेल्स आणि ॲपलबॉम हे दोघे साधारण त्याच काळात अशाच वाटेवर होते. विड्रोंनी १९७५मध्ये हेच तंत्र पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके आईच्या ठोक्यांतून वेगळे काढायलाही वापरून दाखवलं. विषयांतर होतंय, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची दुसरी बाजू पाहायची तर नारायणगावजवळच्या खोडदला जावं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या विज्ञानदिनाच्या प्रदर्शनात जवळून पाहताना मला दरवेळी नव्याने थक्क व्हायला होतं. या दुर्बिणीचा वरचा पट्टा १४५० मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि नाविक या आपल्या दिशादर्शक उपग्रहप्रणालीचा ११७६.४५ मेगाहर्ट्झचा सिग्नल त्याच पट्ट्यात पडतो. आपल्याला वाट दाखवणारा उपग्रह खगोलशास्त्रज्ञांसाठी मात्र उपद्रव असतो, आणि तो गाळण्यासाठी त्यांनाही अशीच संकेत-प्रक्रिया लागते.

एप्रिल २०२४मध्ये जीपीएसमधल्या अडथळ्यांमुळे फिनएअरने एस्टोनियातल्या तार्तूची उड्डाणं महिनाभर थांबवली. असे अडथळे युद्धक्षेत्रापुरते राहिलेले नाहीत. म्हणूनच बहुअँटेना रिसीव्हर लष्करापुरते न ठेवता आपल्या बंदरांवर आणि विमानतळांवरही बसवायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. आणि गाडीत जॅमर लावायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर त्यांना कळकळीची विनंती: तो लावू नका. सरकारची खास परवानगी नसताना जीपीएस जॅमर वापरणं भारतातही बेकायदा आहे.