निर्माता पळाला, त्याचे काय?

प्रयोगशाळेत सजीवांवर काही नवे घडले की एक नाव हमखास पुढे येते: फ्रँकेन्स्टाइन. १९९२मध्ये अमेरिकेत जनुकबदल केलेल्या अन्नाला ‘फ्रँकनफूड’ म्हटले गेले आणि तो शब्द जगभर रुजला. त्यामागची समजूत अशी, की मेरी शेलीच्या कादंबरीत एका वेड्या डॉक्टरने विजेच्या कडकडाटात प्रेत जिवंत केले, त्यातून मुका राक्षस उठला आणि देवाच्या कामात ढवळाढवळ केल्याची शिक्षा मिळाली. १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये, लेखिकेच्या नावाविना, ५०० प्रतींत निघालेल्या त्या पुस्तकात यातले फार थोडे आहे. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव नव्हे. त्याला नावच नाही. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन डॉक्टर नाही, इंगोलश्टाट विद्यापीठातला विद्यार्थी आहे. प्राण नेमका कसा फुंकला, हे लेखिका सांगतच नाही. प्रयोगशाळेवर कोसळणारी वीज, गुन्हेगाराचा मेंदू, बोरिस कार्लॉफचे सपाट डोके हे सारे १९३१च्या हॉलिवूडपटाचे. मुकेपणा त्याहून जुना: १८२३मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या नाटकानेच त्या जिवाची वाचा काढून घेतली.

ही वाचा जाणे सर्वांत महागात पडले, असे मला वाटते. पुस्तकातला तो जीव मिल्टन, प्लुटार्क आणि ग्योटे वाचतो आणि निर्मात्यासमोर उभा राहून जाब विचारतो. तो जन्मतः क्रूर नाही. त्याने डोळे उघडताच व्हिक्टर किळसून खोलीतून पळ काढतो. पुढे तो बुडत्या मुलीला वाचवतो, तर बक्षीस म्हणून बंदुकीची गोळी मिळते. माणसांनी वारंवार हाकलल्यावरच तो खुनाकडे वळतो. त्यातल्या पहिल्या खुनासाठी व्हिक्टरच्या घरची निरपराध सेविका जस्टीन फासावर चढते, आणि खरा खुनी कोण याची खात्री असूनही व्हिक्टर गप्प राहतो. कादंबरीचा रोख जीव घडवण्यावर कमी आणि घडवून वाऱ्यावर सोडण्यावर अधिक आहे. चित्रपटाने गुन्हेगाराचा मेंदू बसवून तो दोष निर्मितीच्या माथी मारला. आपली चर्चाही तिथेच अडकली: ‘करावे का?’ यावर गदारोळ होतो, ‘केल्यावर सांभाळणार कोण?’ हे कुणी विचारत नाही.

यावर कुणी म्हणेल, व्हिक्टर स्वतःच महत्त्वाकांक्षेपासून सावध करतो आणि नवी प्रजा पसरेल या भीतीने अर्धवट घडवलेली स्त्री मोडून टाकतो. खरे आहे. १८३१च्या सुधारित आवृत्तीत नियतीचा सूर आणखी गडद झाला, हेही मान्य. पण तोच व्हिक्टर मृत्युशय्येवर स्वतःला दोषी मानत नाही, आणि त्याच्या प्रेतापाशी शेवटचे बोलणे लेखिकेने त्या टाकलेल्या जिवाच्या तोंडी दिले आहे. नायकाचे मत म्हणजे पुस्तकाचे मत नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भीती अतिरंजित असली तरी लोकांना जागे करते. १९७६मध्ये अमेरिकेतील केंब्रिज शहराचे महापौर अल्फ्रेड वेलुची यांनी हार्वर्डमधल्या डीएनए जोडणीच्या प्रयोगांविरुद्ध फ्रँकेन्स्टाइनचाच दाखला दिला, आणि सुनावणी त्यामुळेच गाजली. पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. शहराने सामान्य रहिवाशांची समिती नेमली. तिने काही महिने शास्त्रज्ञांना खोदून विचारले आणि सुरक्षेच्या अटींवर प्रयोगांना संमती दिली. १९७७मध्ये त्याचा स्थानिक कायदा झाला. राक्षसाच्या नावाने लोक सभागृहात आले हे कबूल, पण नियम तयार झाले ते नेमक्या प्रश्नांतून.

शास्त्रज्ञ म्हणजे मागचापुढचा विचार न करणारा व्हिक्टरच, ही समजूतही टिकत नाही. डिसेंबर २०२४मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात इशारा दिला: ज्यांचे रेणू नैसर्गिक रेणूंची आरशातली प्रतिमा असतील असे जिवाणू आपल्या रोगप्रतिकारशक्तीला चुकवू शकतील, म्हणून ते धोकादायक नाहीत याचा भक्कम पुरावा मिळेपर्यंत बनवू नयेत. सही करणाऱ्यांत याच दिशेने स्वतः काम केलेले संशोधकही होते.