जुन्या चौरंगाला ग्लेझ

बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड ही वस्ती मूळची अँग्लो-इंडियन कुटुंबांची. तिच्यासाठी १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी जमीन दिली. आज तेथील उंच इमारतींतून संगणक-उद्योगासाठी आलेली मराठी कुटुंबेही राहतात. त्यांच्या सामानातून कधी आजीचा कोरीव सागवानी चौरंग येतो. पण काळाने निस्तेज झालेला. तो अडगळीत टाकण्यापूर्वी ग्लेझ देऊन पाहावे. हे काम घरच्या घरी होण्यासारखे आहे.

ग्लेझ म्हणजे पॉलिशच्या दोन थरांमध्ये दिलेला पातळ, पारदर्शक रंग. उघड्या लाकडावर तो दिल्यास लाकूड त्याला कमीअधिक शोषून घेते व डाग पडतात. म्हणून चौरंग प्रथम स्वच्छ करून बारीक पॉलिशपेपरने रेषांच्या दिशेने घासावा. नंतर १ लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १२० ग्रॅम चपडी लाख विरघळवून तिचा एक पातळ हात द्यावा. बंगळूरजवळच्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांची चकाकीही लाखेचीच असते.

हा हात वाळला की १ भाग अळशीचे तेल व २ भाग टर्पेंटाइन यांत थोडा गडद तपकिरी तैलरंग कालवावा. प्रथम चौरंगाच्या खालच्या बाजूस परीक्षा करावी. मग कुंचल्याने ग्लेझ लावून काही मिनिटांत मऊ फडक्याने पुसावे. उंचवट्यांवरील रंग निघून खाचांत राहतो आणि कोरीव काम उठून दिसते. छटा न आवडल्यास टर्पेंटाइनच्या फडक्याने लगेच पुसता येते. नवशिके थर जाड ठेवतात. तो नीट वाळत नाही व वरचे पॉलिश सुटते.

दोन-तीन दिवस, स्पर्शास चिकट लागेनासे होईपर्यंत, थांबून लाखेचे आणखी दोन हात द्यावेत. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते. म्हणून कोरडा दिवस निवडावा. लाखेला पाणी सोसत नाही, तेव्हा पूजेच्या वेळी चौरंगावर ओले ताम्हन ठेवू नये.

एक गोष्ट मात्र विसरू नये. अळशीचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते. तेलाची फडकी चुरगळून ठेवल्यास ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. स्पिरिट व टर्पेंटाइनही ज्वालाग्राही आहेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास समई वा शेगडी पेटती नसावी. एवढी काळजी घेतली, तर येत्या गणेशचतुर्थीस चौरंग पुन्हा आपल्या जागी बसेल.