एका पत्त्यावर अख्खी दाल मिल

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही दाल मिलच्या ऑफिसात इंटरनेट वापरणाऱ्या वस्तू मोजून पाहा. टॅलीचा कॉम्प्युटर, धर्मकाट्याचा कॉम्प्युटर, ई-वे बिल काढणाऱ्या पोराचा लॅपटॉप, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, मालकाचा मोबाइल आणि माल भरायला थांबलेल्या ट्रक ड्रायव्हरचाही मोबाइल. खांबावरून आत येते ती मात्र एकच फायबरची वायर, आणि बाहेरच्या जगाच्या लेखी या सगळ्यांचा मिळून पत्ताही एकच. तरी तुरीचा भाव मालकाच्याच फोनवर येतो आणि ई-वे बिल लॅपटॉपवरच उघडतं. एकाचं उत्तर दुसऱ्याकडे जात नाही. ही किमया बघायची असेल, तर ती करणारं यंत्र स्वतः जोडावं.

त्यासाठी अडगळीत टाकलेला जुना कॉम्प्युटर पुरतो. त्यात लॅन कार्डं दोन हवीत: एकात बाहेरची लाइन, दुसऱ्यातून स्विचमार्गे ऑफिस. वर लिनक्स टाकायचं, तेही फुकट. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या या गावात पत्र्याखाली आणि डाळीच्या भुशात ते ठेवू नये; पंख्यात भुसा अडकला की यंत्र तापून बंद पडतं. इन्व्हर्टर तर हवाच.

एवढं झालं तरी ते अजून साधा कॉम्प्युटरच असतं. दुसऱ्याच्या नावाचं माहितीचं पाकीट हाती आलं, तर ते टाकून देतं. मग लिनक्समधल्या एका सेटिंगमध्ये 0 च्या जागी 1 लिहायचा. त्या क्षणापासून ते दुसऱ्यांची पाकिटं पुढे पोचवू लागतं. इंटरनेटच्या चौकाचौकांत बसलेली महागडी यंत्रंही मुळात हेच काम करतात. मला यातलं हे पाऊल सगळ्यात थरारक वाटतं.

पण पत्ता एकच आहे, त्याचं काय? इथे आपला हा कॉम्प्युटर, म्हणजे आता सर्व्हर, जुन्या पेढीतल्या मुनिमासारखी वही ठेवतो. लॅपटॉपचा आतला पत्ता, समजा, 192.168.1.12. त्याने सरकारी पोर्टलकडे पाठवलेलं पाकीट बाहेर पडताना सर्व्हर त्यावरचा आतला पत्ता पुसतो, मिलचा बाहेरचा पत्ता लिहितो, शेजारी एक पोर्ट क्रमांक टाकतो आणि वहीत नोंद करतो: हा क्रमांक लॅपटॉपचा. उत्तर त्याच क्रमांकावर परत येतं, वहीत ओळ सापडते, पाकीट लॅपटॉपकडे जातं. असे क्रमांक 65,536. आणि 192.168 ने सुरू होणारे पत्ते कुणा एकाच्या मालकीचे नाहीतच. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या दुकानात 192.168.1.12 असेल, लंडनमधल्या घरातही असेल, कुणाचं कुणाशी भांडण नाही.

मे 1994 मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी ही युक्ती मांडली ती तात्पुरता उपाय म्हणून. जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम 429 कोटी, ते पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसत होतं. तो तात्पुरता उपाय आज जगभरातली घरं आणि दुकानं चालवतो आहे.

वऱ्हाडाला तारेचं नवल नवीन नाही. 1870 मध्ये खामगावला, जे तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, कापसासाठी रेल्वे पोचली. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आले होते. तारही पोचली होती. लिव्हरपूलचा व्यापारी तारेने मागणी नोंदवायचा आणि साधारण सहा आठवड्यांत वऱ्हाडी कापूस तिकडच्या गोदीत उतरायचा. त्या साध्या तारेवर एक संदेश संपला की दुसरा जायचा. आपल्या वायरीवर मात्र प्रत्येक संदेशाचे जास्तीत जास्त 1500 बाइटचे तुकडे होतात आणि सगळ्यांचे तुकडे एकमेकांत मिसळून धावतात.

इथेच एक अडचण येते. डीव्हीआर कॅमेऱ्यांचं चित्रण बाहेर पाठवू लागला की तुकड्यांची लांबलचक रांग लागते. ई-वे बिलाचं इवलंसं पाकीट त्या रांगेच्या शेपटाला अडकतं आणि दारात ट्रक खोळंबतो. यावर आपण जास्त स्पीडचा प्लॅन घेतो. खरा उपाय उलटा आहे. सर्व्हरला सांगायचं, लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडं हळू पाठव. मग रांग इंटरनेट कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या यंत्रात लागते, आणि आपल्या रांगेला शिस्त लावणं आपल्या हातात असतं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये त्यासाठी एक सुंदर नियम दिला: रांगेतला उशीर 100 मिलिसेकंद सलग 5 मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर एखादं पाकीट मुद्दाम टाकून द्यायचं. पाकीट हरवल्याचं कळताच पाठवणारा आपोआप सावकाश होतो. लिनक्समध्ये याच नियमाला प्रत्येकाची रांग वेगळी ठेवण्याची जोड मिळते, म्हणून डीव्हीआरच्या गर्दीतून बिल सहज पुढे निघतं.

आता मालकाला अमरावतीच्या घरून मिलचे कॅमेरे बघायचे आहेत. बाहेरून आलेल्या विनंतीची वहीत ओळच नसते, तेव्हा सर्व्हर तिला आत घेत नाही. शिवाय कंपनीने दिलेला पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तोही अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. म्हणजे आपल्या वहीच्या वर कंपनीची आणखी एक वही. अशा वेळी स्वतंत्र पत्ता विकत घ्यावा, किंवा मुंबईत एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा. मग मिलचा सर्व्हर स्वतःच आतून त्याच्याशी वायरगार्ड या सॉफ्टवेअरने बोगदा जोडतो आणि मालकाचा फोनही तिथेच येऊन मिळतो. फक्त बोगदा जागता ठेवावा लागतो. अशा जोडणीची ओळ लिनक्सच्या वहीत कधी कधी 30 सेकंदांतच खोडली जाते, म्हणून वायरगार्डला दर 25 सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवायला सांगून ठेवायचं.