चाळीसगावला गाडी बदलता ना? मग केकी मूस यांचं घर बघून या

मागच्या आठवड्यात धुळ्याच्या एका मित्राचा व्हॉईस मेसेज आला. "भो, फोटो मी चांगले काढतो. पण दाखवू कुठं? जहांगीरला लागले तरच लोक आर्टिस्ट म्हणतात." त्याचा राग खोटा नाही. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून मुंबईत आहे आणि आपल्याकडून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. प्रदर्शन भरवायचं तर फ्रेम, राहणं, सुट्ट्या, सगळं आलं.

म्हणून आजचा एपिसोड केकी मूस यांच्यावर.

जन्म १९१२ चा, पारशी कुटुंबातला. इंग्लंडला जाऊन कमर्शियल आर्ट शिकले आणि परत येऊन राहिले कुठे? चाळीसगावला, रेल्वे स्टेशनजवळच्या घरात. १९८९ मध्ये गेले, तोपर्यंतची जवळपास पन्नास वर्षं त्या घराबाहेर मोजक्याच वेळा पडले. प्रेयसी पंजाब मेलने येईल म्हणून ते वाट बघत राहिले, अशी गोष्ट गावात सांगतात. खरं-खोटं राहू द्या. मला गंमत वाटते ती वेगळीच: माणूस घरात आणि फोटो मात्र देशोदेशीच्या प्रदर्शनांत!

घरात बसून एवढं काढलं काय? त्यांची ख्याती होती टेबल-टॉप फोटोग्राफीसाठी. म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या आणि फोटोत त्याचं अख्खं दृश्य उभं करायचं. मीठ पसरलं की बर्फ, वाळलेली काडी रोवली की झाड.

हे जमतं कारण कॅमेऱ्याला आकार कळत नाही. काडी दोन इंचांची की वीस फुटांची, हे आपण आजूबाजूच्या खुणांवरून ठरवतो. त्या खुणा आपणच मांडल्या की डोळा फसतो. पण दोन ठिकाणी चोरी पकडली जाते बरं का!

पहिली, फोकस. कॅमेरा वस्तूच्या अगदी जवळ नेला की थोडाच भाग स्पष्ट येतो, मागचं सगळं धूसर. बघणारा लगेच म्हणतो, खेळणं आहे. म्हणून मोठ्या कॅमेऱ्यात लेन्सचं छिद्र बारीक करायचं आणि कमी झालेल्या उजेडाची भरपाई जास्त वेळ एक्सपोजर देऊन करायची. फोनचा सेन्सर मुळातच लहान, त्यामुळे त्यात पुढचं-मागचं बरंच स्पष्ट येतं. म्हणजे इथं तुमचा साधा फोन फायद्यात आहे! फक्त पोर्ट्रेट मोड बंद ठेवा.

दुसरी, सावली. सूर्य इतका लांब आहे की उन्हात सावल्या एकमेकींना समांतर पडतात. दिवा जवळ ठेवला तर त्या पंख्यासारख्या फाकतात. म्हणून दिवा एकच ठेवा आणि होईल तेवढा लांब न्या. खाली, एका बाजूला धरला की संध्याकाळ झालीच समजा.

मी बीटेक करून कोड लिहितो. कॉलेजला जाता-येता चाळीसगावला कितीदा गाडी बदलली, प्लॅटफॉर्मवर चहा पीत तास-तास काढले. ते घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथं आता त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे, आणि मी गेलो नोकरी लागल्यावर. लाज वाटली, खरं सांगतो. आपल्याकडे काही नाही म्हणत होतो आणि कधी बघितलंच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मग दार लावून बसायचं का? नाही हो! एकटेपण ही काही कलेची फी नाही. आणि खान्देशात चांगली कलादालनं हवीत, ही मागणी सोडायचीही नाही. पण दालन मिळेपर्यंत काम थांबवायचं कारण नाही, एवढं ते घर दाखवतं.

त्या मित्राला मी एवढंच कळवलं: रविवारी धुळ्याहून चाळीसगावची गाडी पकड, मी स्टेशनवर भेटतो. येताना मिठाचा पुडा आण.