मंगळवारची कोंबडी

सकाळी साडेसहा

फ्रीजरमधल्या बर्फाच्या ट्रेमधून वाटणाचे चार चौकोन काढते आणि वाटीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं, लसूण, कोथिंबीर. रविवारी दुपारी एकदाच भाजून वाटायचं आणि आठवडाभर पुरवायचं. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात मंगळवारी रात्री रस्सा व्हायचा असेल, तर त्याची सुरुवात ही अशी सकाळीच होते. कोंबडी मात्र विकतची, दुकानातून भाजूनच येणारी.

भाजलेली कोंबडी विकत आणली म्हणजे स्वयंपाक टाळला, असं माझ्या ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांत अजून मानतात. मला ते पटत नाही. त्याच कोंबड्या भाजण्याची माझी नोकरी आहे, म्हणून दोन्ही बाजू रोज पाहते. दुकान आपलं काम दीड तासात उरकतं. पुढचं काम घरच्या ओट्यावर होतं, आणि ते नीट झालं तर एका कोंबडीत तीन रात्रींची जेवणं निघतात.

त्यासाठी मंगळवारच बरा. आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार पाळतात, शनिवारी सासूबाई खात नाहीत. त्यांचा चातुर्मास कार्तिकी एकादशीला सुटला, आता मार्गशीर्ष लागेपर्यंतच काय ते खाणं. शिजलेली कोंबडी फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस चांगली राहते, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. मंगळवारी आणली की मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार. मधला गुरुवार सोडूनही सगळं मुदतीत बसतं.

साडेनऊ

एप्रन, टोपी, हातमोजे. सकाळच्या पाळीतल्या बाईने पहिली भट्टी उतरवलेली असते. मी दुसरी भरायला घेते. कोंबड्या खोक्यांतून येतात त्या आधीच मिठाच्या पाण्यात मुरलेल्या. हे पाणी यंत्राने सुया टोचून आत सोडलेलं असतं. त्यात मीठ असतं, बहुधा फॉस्फेट असतं, कधी साखर आणि स्टार्चही. छातीचं मांस दीड तास भट्टीत राहूनही चोथा होत नाही, ते या पाण्यामुळे. घरी रस्सा करताना मीठ का आवरायचं, त्याचं कारणही तेच.

पाय दोऱ्याने बांधायचे, पंख अंगाशी दाबायचे, सळईवर ओवायचं. आमच्या भट्टीत आठ सळया, एका सळईवर पाच कोंबड्या. सळई फिरत राहते, वरच्या कोंबडीची चरबी वितळून खालचीवर ठिबकते, आणि शेवटी सगळी चरबी तळाच्या ट्रेमध्ये जमते. ओवणं झालं की हातमोजे टाकायचे, हात धुवायचे, नवे मोजे घालायचे. कच्च्याला लागलेला हात शिजलेल्याला लागता कामा नये. हा नियम आमच्याकडे कुणाला दोनदा सांगावा लागत नाही.

साडेअकरा

भट्टी उघडण्याआधी तापमान. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता, थर्मामीटरची सुई खुपसायची. १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, ही सुरक्षित शिजण्याची किमान रेषा. आम्ही मात्र १८०च्या आसपास नेतो. मांडीतले चिवट धागे त्या उष्णतेला विरघळतात आणि मांस हाडावरून सुटतं. आकडा वहीत लिहायचा, डब्यावर वेळेची चिठ्ठी लावायची, कोंबडी गरम कपाटात ठेवायची. तिथे ती १३५ अंशांच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि चार तासांत विकली गेली नाही तर उचलायची.

एक वाजता

माझ्याबरोबर काम करणारी बाई पेरूची. तिचे नातेवाईक पॅटर्सनला राहतात, जिथे पेरूच्या लोकांची मोठी वस्ती आहे. जेवणाच्या सुट्टीत तिने डब्यातली हिरवी चटणी मला वाढली. मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि थोडं मेयोनेज. तिच्याच देशात, लिमाजवळ, १९५० च्या सुमारास रॉजर शुलर नावाच्या स्विस माणसाने निखाऱ्यांवर फिरती कोंबडी भाजायला सुरुवात केली. आज ती पेरूची राष्ट्रीय अभिमानाची गोष्ट आहे, जुलैच्या तिसऱ्या रविवारी तिचा दिवसही साजरा होतो. अमेरिकेत या कोंबडीची लाट आली ती बॉस्टन चिकन या दुकानसाखळीमुळे. १९८५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनला तिचं पहिलं दुकान निघालं. नव्वदच्या दशकात सुपरमार्केटांनी तोच धंदा उचलला. आता कामावरून परतणाऱ्या माणसाच्या हातात दुधाइतकीच ही पिशवीही दिसते.

पेरूच्या या बाईकडून मी शिकले ते हाडांचं. ती हाडं कधी टाकत नाही. मका, बटाटा आणि भरपूर कोथिंबीर घालून सूप करते.

सव्वादोन

संध्याकाळची पहिली भट्टी आत. तासाभराने दुसरी.

साडेचार

नोव्हेंबरात इथे आत्ताच अंधारून येतं, आणि अंधार पडला की गर्दी. पुढचा दीड तास मान वर करायला वेळ नसतो. शाळेचं दप्तर पाठीला लावलेली मुलं, इस्पितळाच्या निळ्या कपड्यांतल्या नर्सेस, बांधकामावरून आलेले कामगार. एक म्हातारे गृहस्थ येतात ते नेहमी कपाटातली सर्वांत लहान कोंबडी मागतात. कच्ची अख्खी कोंबडी अनेकदा भाजलेलीपेक्षा महाग पडते. दुकानांना या कोंबडीवर फारसं सुटत नाही, गिऱ्हाईक आत यावं म्हणून ती ठेवलेली असते. कॉस्टको या मोठ्या दुकानसाखळीने २००९ पासून तिची किंमत ४.९९ डॉलरवर धरून ठेवली आहे. तेवढ्यासाठी नेब्रास्कातल्या फ्रिमाँटला २०१९ मध्ये स्वतःचा कारखाना काढला, जिथे आठवड्याला सुमारे वीस लाख कोंबड्या निघू शकतात. आणि ती दुकानाच्या पार मागच्या भिंतीशी ठेवतात, म्हणजे तिथवर जाताना गाडीत आणखी चार वस्तू पडतात.

पाचच्या सुमारास एक आई दोन मुलांना घेऊन आली. तिने गरम कपाटाकडे बघितलं आणि विचारलं, "थंड आहे का?" मी लगेच फ्रीजकडे बोट केलं. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सरकार धान्य-भाज्यांसाठी जे स्नॅप कार्ड देतं, त्यावर गरम, तयार अन्न सहसा घेता येत नाही. हीच कोंबडी थंड करून फ्रीजमध्ये ठेवली की घेता येते. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. दिवसभर राबून आलेल्या बाईला गरम अन्नाची गरज इतरांपेक्षा कमी कशी? आमच्या हातात एवढंच आहे की थंड कोंबड्यांचा फ्रीज रिकामा पडू द्यायचा नाही. दुपारी न विकलेल्या कोंबड्या आम्ही नियमाने गार करतो. दोन तासांत १३५ वरून ७० अंशांवर, पुढच्या चार तासांत ४१ वर. मी त्या पाळीला असले की ही नोंद स्वतः ठेवते.

ज्यांना परवडतं त्यांच्यासाठीही थंड कोंबडी वाईट नाही. न्यू जर्सीत गरम अन्नावर ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो, थंडवर तो सहसा पडत नाही. पण रस्सा करायचा असेल तर मी गरमच घेते, कारण गरम असतानाच मांस हाडावरून सहज सुटतं.

सहा

सुटले. आता गिऱ्हाईक म्हणून कपाटासमोर. चिठ्ठीवरची वेळ बघायची आणि सर्वांत उशिरा निघालेली घ्यायची. छातीवरची कातडी आक्रसलेली, तंगडीच्या टोकाचं हाड उघडं पडलेलं, डब्यात रस आटलेला असेल तर ती बराच वेळ उभी आहे. हातात जड लागते ती चांगली. गरम कपाटातून बाहेर काढली की दोन तासांच्या आत ती फ्रीजमध्ये गेली पाहिजे, म्हणून वाटेत कुठे थांबायचं नाही.

सव्वासहा ते सात

दिवसातली ही पाऊण तासाची वेळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बहुतेक जण इथेच कोंबडी वाया घालवतात. डबा टेबलावर ठेवतात, हाताने तोडून खातात, उरलेली डब्यासकट फ्रीजमध्ये ढकलतात. दुसऱ्या दिवशी थिजलेल्या चरबीत गुरफटलेली कोंबडी कुणाला खावीशी वाटत नाही, आणि शुक्रवारी ती कचऱ्यात जाते.

मोठं ताट घ्यायचं. आधी दोन्ही तंगड्या आणि मांड्या सोडवायच्या, गरम असताना सांधा नुसता वाकवला तरी निघतो. मग छाती, मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी बोटं घालून, दोन अख्खे तुकडे. मग कोंबडी उलटी करायची. पाठीवर, मांडीच्या सांध्याजवळ, दोन्हीकडे नाण्याएवढा एकेक मऊ गोळा असतो. सगळ्या कोंबडीत तोच सर्वांत रसाळ, आणि तो मुलाला उभ्या उभ्या मिळतो. कातडी वेगळी. हाडं थेट कुकरमध्ये. डब्यात साचलेला रसही तिथेच.

अशा कोंबडीचं साधारण चार कप मांस निघतं. मांडीचं आजच्या रश्श्याला, छातीचं एक उद्याला, दुसरं शुक्रवारला. बंद डब्यात, वर तारीख.

सासूबाई कोल्हापूरच्या. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अगं, शिजलेल्या कोंबडीचा रस्सा कसा करतीस? चव कुठनं येणार त्याला?" प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्या रश्श्यात चव येते ती कच्चं मांस मसाल्यात शिजताना, हाडातला अर्क उतरताना. शिजलेलं मांस पुन्हा उकळलं तर त्याच्या दोऱ्या होतात आणि रस्सा पाणचट राहतो. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी रस्सा पूर्ण करायचा, मांस सर्वांत शेवटी.

तेलात कांदा चांगला लाल. त्यात वाटणाचे चौकोन, तेल सुटेपर्यंत. कांदा-लसूण मसाला दोन चमचे. टोमॅटो घालत नाही, सासूबाईंना चालत नाही आणि मलाही आता त्याची सवय राहिलेली नाही. मग कुकरमधलं हाडांचं पाणी. तोवर एक शिट्टी झालेली असते, तेवढ्यावर दोन वाट्या काढून घेते आणि हाडं पुन्हा चढवते. रस्सा दहा मिनिटं खळखळून उकळू द्यायचा. आता चव बघायची, आणि त्यानंतरच मीठ. बहुतेक वेळा चिमूटभरही पुरतं. मग गॅस बारीक करून मांडीचे तुकडे सोडायचे, झाकण ठेवायचं, तीन-चार मिनिटांत बंद. तुकडे आतपर्यंत वाफाळून गरम होतात, पण मऊपणा जात नाही.

कातडी कोरड्या तव्यावर मंद आचेवर ठेवली की स्वतःच्याच तेलात कुरकुरीत होते. ती वरून चुरायची.

सव्वासात

मेट्रोपार्क स्टेशनला गाडी आली, नवरा घरी पोचला. सासूबाईंनी भाकऱ्या थापल्यात. ज्वारीचं पीठ ओक ट्री रोडवरच्या दुकानांत बारा महिने मिळतं. त्यांनी पहिला घास रश्श्यात बुडवला, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "तिखट कमी आहे." चवीबद्दल तक्रार नाही. मी मसाल्याची बरणी त्यांच्यापुढे सरकवली.

पावणेआठ

हाडं अजून कुकरमध्येच आहेत, मंद आचेवर पाऊण तास. सोबत आलं, लसूण, चार मिरी, एक तमालपत्र, थोडी हळद. मीठ नाही. हे पाणी उद्याचं.

माझ्या मते भाजक्या कोंबडीची खरी किंमत इथे वसूल होते. कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्यासाठी मटणाचं अळणी पाणी काढतात. इथे आठवड्याच्या मधल्या रात्री मटण शिजवायला कुणाला वेळ आहे? पण भट्टीत खरपूस झालेली ही हाडं पाऊण तासात असं पाणी देतात की सासूबाई स्वतः उद्याचा पांढरा रस्सा करायला तयार झाल्यात. रंग जरा मातकट येतो, पण तो त्यांनी मान्य केला आहे. नारळाच्या दुधावर मात्र त्यांचं लक्ष. "दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही हं, नाहीतर फाटतंय." उद्या मी दुकानात असेन, कढईसमोर त्याच उभ्या राहतील. काजू आणि तीळ मी आत्ताच भिजत घालते. सोबत छातीच्या मांसाचे धागे काढून आजच्या उरलेल्या भाताला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, कांदा, आणि ते धागे शेवटच्या दोन मिनिटांत.

साडेआठ

पाणी गाळलं, दोन पसरट भांड्यांत ओतलं, ती भांडी सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवली. खोल पातेल्यात ते रात्रभर आतून कोमट राहतं, पसरट भांड्यात अर्ध्या तासात निवतं. मग फ्रीज.

मुलगा विचारतोय, शुक्रवारी क्वेसाडिया ना? हो. चपातीवर चीज, छातीचं मांस, बारीक कांदा, वरून दुसरी चपाती, तव्यावर दाबून दोन्ही बाजूंनी. पेरूची हिरवी चटणी मी गुरुवारी रात्री करून ठेवणार आहे, मिरची मुलासाठी निम्मी.

शुक्रवारचा डबा मी फ्रीजमध्ये सर्वांत मागे, दह्याच्या मागे ठेवते, म्हणजे बुधवारी कुणाच्या हाताला लागणार नाही.