मोठं चिपर घ्यायचं का? आधी कामाची वही उघडू या

फांद्यांचा भुसा करून देण्याचं काम आता बऱ्याच बचत गटांनी हाती घेतलं आहे. द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी होते. डाळिंबाची, आंब्याची, बांधावरच्या झाडांची छाटणी वेगळीच. पूर्वी हे सगळं बांधावर पेटवून दिलं जायचं. आता शेतकरी म्हणतो, भुसा करून द्या, बागेतच टाकतो. काम वाढलं की बैठकीत विषय निघतोच : छोटं यंत्र पुरत नाही, मोठं घेऊ या का? यंत्र मोठं म्हणजे कर्जही मोठं, आणि ते सगळ्यांच्या नावावर. आमच्या गटात आम्ही कोणकोणते प्रश्न विचारतो, ते आज सांगतो.

पहिला प्रश्न : नेमकं काय पुरत नाही? मागच्या हंगामाची वही काढा. किती दिवस यंत्र चाललं, किती ट्रॉल्या झाल्या, किती कामं परत पाठवली आणि कशामुळे? फांदी जाड होती म्हणून काम गेलं असेल, तर मोठं यंत्र हवं. नुसता ढीग जास्त होता म्हणून गेलं असेल, तर आधी पात्यांना धार आहे का ते बघा. बोथट पातं तोडत नाही, चेचतं; वेळ जातो आणि इंजिनावर ताणही येतो. कधी कधी दुसरं छोटं यंत्रच जास्त सोयीचं पडतं. एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं.

दुसरा प्रश्न जाडीचा. दोन इंची फांदीपेक्षा चार इंची फांदी दुप्पट वाटते, पण तिच्यात कापायचं लाकूड चौपट असतं. म्हणून ताकदही तशीच लागते. त्यात ओली फांदी सहज कापली जाते. वाळलेली बाभूळ किंवा चिंच मात्र यंत्राचा घाम काढते. विक्रेता चार इंच म्हणाला, तर विचारा : कुठलं लाकूड, ओलं की वाळलं? आपल्याकडे रोज जी फांदी येते, तिच्यापेक्षा इंचभर जास्त क्षमतेचं यंत्र घ्यावं. वर्षातून दोनदा येणाऱ्या बुंध्यासाठी लाखभर रुपये जास्त घालू नयेत. ते बुंधे सरपणाला जातात.

तिसरं, यंत्राचं तोंड. जाडी बसते, पण तोंड अरुंद असेल तर प्रत्येक बेचकं कोयत्याने तोडत बसावं लागतं. निम्मी मजुरी त्यातच जाते. फांदी ओढून घेणारे रोलर असतील तर ढकलायचं काम वाचतं आणि हातही लांब राहतो. ते रोलर उलटे फिरवता येतात का, हेही बघा.

चौथं, आतली रचना. धारदार पात्यांचं चिपर स्वच्छ लाकडाचे छान तुकडे करतं. पण द्राक्षाच्या काड्यांत बांधणीची सुतळी असते, एखादी तार राहून जाते, फांद्यांना माती असते. त्याने पाती खराब होतात. हातोड्यासारख्या पट्ट्या असलेलं श्रेडर थोडी माती सोसतं, पण जाड लाकडाला तितकं चांगलं नाही. तार दोन्हींच्या जिवावर उठते, म्हणून काड्या निवडून घेणं टळत नाही.

पाचवं, ताकद कुठून आणणार? मोटरचं मोठं यंत्र थ्री फेजवर चालतं, आणि बागेत वीज ठरावीक तासच. ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र पीटीओला जोडतात. बहुतेक यंत्रं मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेली असतात. पण ट्रॅक्टर कोणाचा? पेरणीच्या दिवसांत मिळेल का? आपल्यातली कोणी चालवते का? ट्रॅक्टर शेजाऱ्याचा असेल तर आपल्या कामाची तारीखही शेजारीच ठरवतो. स्वतःचं इंजिन असलेलं यंत्र महाग, पण त्याची चावी आपल्याकडे असते.

आता पैसे. समजा, हप्ता महिन्याला ८,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९६,०००. वर्षात ६० दिवस काम मिळालं तर दिवसाला १,६०० रुपये हप्त्याचेच. डिझेल १,२००, चौघींची मजुरी १,६००, ने-आण ४००, पाती-दुरुस्ती २००. झाले ५,०००. ट्रॉलीला १,००० रुपये मिळत असतील तर पाच ट्रॉल्यांनी फक्त खर्च निघतो. सहावी ट्रॉली आपली. काम ४० दिवसच मिळालं तर रोजचा खर्च ५,८०० होतो, आणि सहावी ट्रॉलीही जवळजवळ खर्चातच जाते. आकडे तुमच्या गावचे घाला, पण हिशेब ठराव करण्याआधी करा.

अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. पूर्वसंमती हातात येण्याआधी यंत्र खरेदी करू नका, आणि रक्कम नंतर खात्यात येते हे धरून पैशांची सोय ठेवा. यंत्र अनुदानाला पात्र आहे का, ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना आधीच विचारा.

दरपत्रकं तीन घ्या आणि प्रात्यक्षिक आपल्याच लाकडावर मागा. टाकी भरून सुरू करा, तासभर चालवा, परत टाकी भरा. डिझेल किती लागलं ते कळतं. पाती आपल्याला काढता-बसवता येतात का, सुटे भाग तालुक्याला मिळतात का, हे तिथेच विचारा.

आणि हात. कडबाकुट्टी, मळणी यंत्र यांनी किती बायांचे हात नेले, हे आपण गावोगाव पाहिलं आहे. चिपर त्याहून जोरात ओढतं. पदर, ओढणी, बांगड्या, मोकळी वेणी चालणार नाही. अंगात शर्ट, डोळ्यांना चष्मा, कानाला संरक्षण. तोंडासमोर नाही, बाजूला उभं राहायचं. शेवटचा तुकडा हाताने नाही, पुढच्या फांदीने ढकलायचा. बंद केल्यावरही पाती बराच वेळ फिरतात. पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. साफ करणारीनेच चावी स्वतःजवळ ठेवायची. लाल दांडा दाबताच ओढ थांबत नसेल, तर ते यंत्र स्वस्तातही घेऊ नका.

भुशाबद्दल दोन गोष्टी. तो मातीत कालवायचा नाही. कुजताना जमिनीतला नत्र खेचून घेतो. वर आच्छादन म्हणून पसरा आणि खोडापासून चार बोटं दूर ठेवा. खत करायचं तर शेणकाला मिसळून कुजवा. तेल्या लागलेल्या डाळिंबाच्या फांद्या मात्र यंत्रात घालू नका. तो रोग आपणच बागोबाग पोचवू. अशा फांद्या बागेबाहेर नेऊन नष्ट करायच्या, आणि एका बागेतून दुसरीत जाताना यंत्र झाडून-धुऊन न्यायचं.

शेवटी एक सुचवतो. जमलं तर एक छाटणी मोठं यंत्र भाड्याने आणून चालवा. त्या महिन्याची वही बैठकीत मोठ्याने वाचा, आणि मग प्रत्येकीला विचारा. ज्या बाईची सही कर्जाच्या कागदावर असणार आहे, तिला ट्रॉलीचा हिशेब तोंडपाठ असला पाहिजे.